रोज विसरणारा पासवर्ड

लेकीला, उमसुनायला, पाळण्यात नीट बांधून झोपवलं आणि मी पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तलासची गाडी येणार होती. लेक झाल्यापासून पहिल्यांदाच तिला घेऊन मी माहेरी निघाले होते, चांगली महिनाभरासाठी. कपडे भरून झाले होते, आईसाठी कुरुतचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, खारट गोळे फडक्यात बांधून झाले होते. एकच काम राहिलं होतं आणि तेच होत नव्हतं. ईमेलचा प्रोग्रॅम पासवर्ड लक्षात ठेवायला तयार नव्हता.

माझा नवरा कुबात ओखोत्स्कच्या समुद्रात मासेमारीच्या जहाजावर स्वयंपाकी आहे. तिथे फोन लागत नाही. जहाजाच्या यंत्रावरून ईमेल तेवढी येते, तीही फोटोशिवाय. पत्र आलं म्हटलं की माझ्या सासूबाई, म्हणजे अपा, हातातलं लोकरीचं काम तसंच टाकून येतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी अक्षरं बोटाएवढी मोठी करून ठेवली आहेत. त्या पडद्याला नाक लावून, ओठ हलवत, एकेक शब्द उचलल्यासारखा वाचतात. घाई नाही. मुलाचं पत्र वाचावं तर असं, असं मला दर वेळी वाटतं.

पाकिटाच्या चित्रावर दोनदा टिचकी मारायला त्या शिकल्या होत्या. पण पासवर्ड त्यांना जमण्यातला नव्हता. कुबातने तो ठेवलाय इंग्रजी अक्षरांत, काही मोठी, काही लहान, मधे आकडे. वर पडद्यावर दिसतात नुसते काळे ठिपके. मी होते तोवर रोज मीच टाकत होते. उद्यापासून कोण टाकणार? शेजारच्या कुणाला सांगू का, असं विचारलं तर अपा म्हणाल्या, "पोराचं पत्र परक्या हाताने उघडून घेऊ होय? तू जा बिनधास्त. तू आलीस की सगळी एकदम वाचीन."

त्या हसून म्हणाल्या, पण मला ते हसू बघवेना. महिनाभर पत्रं आत पडून राहणार आणि या बाहेर बसून राहणार. मी गाडी रद्द करायच्या विचारात होते.

शेवटी नणंदेला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. जीपार बिश्केकमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कचेरीत आहे.

"काय गं जेने," ती म्हणाली; वहिनीला आमच्याकडे जेने म्हणतात, "माहेरी जायच्या आनंदात बटणं चुकीची दाबतेयस का?"

"तू ये आणि बरोबर दाबून दाखव. 'लक्षात ठेव' म्हणून खूण करते, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो."

"जुना साठवलेला पासवर्ड काढून टाकलास?"

"टाकला."

"पत्र यायचा वेगळा असतो, जायचा वेगळा. दोन्ही?"

"दोन्ही."

"मग नवीन टाक, खूण कर, बंद कर, परत उघड."

तसं केलं. प्रोग्रॅम उघडला आणि काही न विचारता कुबातची पत्रं समोर आली.

"उघडलं!" मी म्हणाले.

"झालं तर. दे शाबासकी नणंदेला."

"अगं, हे असं रोजच होतं. आत्ता उघडतो. उद्या सकाळी विसरलेला असतो."

जीपार म्हणाली, "कॉम्प्युटर पूर्ण बंद करून चालू कर." तेही केलं. तरीही उघडला. "जेने, मग रात्रीत तुमच्या घरी कोण येऊन त्याला विसरायला लावतं?"

"येतो एक सुंदर तरुण," चुलीजवळून अपा म्हणाल्या. "मला बघून पळून जातो."

जीपार इतकी हसली की पाळण्यात उमसुनाय चुळबुळली. मी पाळणा झुलवला, ती पुन्हा झोपली.

"रोज विसरतो? एकही दिवस चुकला नाही?" जीपारने विचारलं.

मी आठवायला लागले. दोन दिवस चुकले होते. कासिमाली मामा, म्हणजे अपांचे भाऊ, पाहुणे येऊन ओशला परत गेले, त्याच्या दुसऱ्या सकाळी प्रोग्रॅमने काही विचारलं नव्हतं. मी खूशही झाले होते, की सुधारलं म्हणून. आणि एकदा वीज अंधार पडल्यावर आली होती, तेव्हा उशिरा पत्र वाचलं. त्या रात्रीचंही त्याच्या लक्षात राहिलं होतं.

मी हे फोनवर सांगत होते. जीपार म्हणाली, "मामांचा आणि पासवर्डचा काय संबंध? तू थकलीयस, जेने."

अपा कणकेचे छोटे फुगीर तुकडे, बोरसोक, तळत होत्या. झाऱ्यावरचं तेल निथळू देत त्या सहज म्हणाल्या, "त्या दिवशी मी झाडलं नव्हतं ना. माझा भाऊ वाटेवर होता."

हे मला माहीत होतं. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत आमच्याकडे केर काढत नाहीत. त्याची वाट झाडली जाऊ नये म्हणून. सूर्य मावळल्यावरही झाडू हातात घेत नाहीत.

"अपा, घर झाडलं नव्हतंत, ते ठीक," मी म्हणाले. "पण—"

"घरही नाही आणि तेही नाही." त्यांनी झाऱ्यानेच कॉम्प्युटरकडे दाखवलं. "पत्र वाचून झालं आणि तू पोरीकडे गेलीस की मी ते झाडून बंद करते. रोज. दिवस मावळायच्या आत."

मी पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यात पिवळ्या झाडूचं चित्र होतं, चांगलं मोठं. मला वाटायचं ते असंच कुठूनतरी आलेलं असेल. इतके दिवस मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"हिनेच की." झारा आता फोनकडे वळला. "उन्हाळ्यात आली होती तेव्हा. म्हणाली, अपा, मशीन सुस्त झालंय, काम झालं की हा झाडू दाबत जा."

मी फोनजवळ सरकले.

"जीपार?" मी विचारलं. "कोण गं तो रात्री येणारा सुंदर तरुण?"

"पुरे हं, जेने," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं महिन्यातून एकदा दाब! रोज कोण दाबतं?"

"घर महिन्यातून एकदा झाडतेस का तू तिकडे?" अपा म्हणाल्या. "शहरात गेल्यावर शेफारलीस. माझ्या पोराची पत्रं राहतात त्यात. केरात ठेवू?"

दिसत नसताना, चाचपडत, त्या रोज मुलाच्या पत्रांची खोली झाडून ठेवत होत्या. आणि मी त्या मशीनला शिव्या देत होते.

जीपार म्हणाली, "तो झाडू काढूनच टाक, जेने."

"बिनझाडूचं घर?" अपा म्हणाल्या. "काही नको."

मग जीपारने सांगितलं तसं मी झाडूवर टिचकी मारली. काय काय झाडायचं त्याची यादी उघडली. खाली एक चौकोन होता, 'साठवलेले पासवर्ड'. त्यात खूण होती. मी ती काढली. बाकी सगळं तसंच ठेवलं, अपांनी झाडायला.

"आता अपाला झाडू दाबू दे," जीपार म्हणाली, "आणि उघडून बघा. नाही विचारलं तर खरं."

अपांनी खिडकीबाहेर पाहिलं. डोंगराच्या कड्यामागे सूर्य गेलेला होता.

"आता नाही," त्या म्हणाल्या.

"अपा! अगं तो कॉम्प्युटर आहे!"

"असू दे. घरातच आहे ना?"

"मग उद्या सकाळी?"

"उद्या सकाळी ही निघेल. ही पोचेपर्यंत मी झाडायची नाही."

जीपारने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू आला. मलाही हसू आलं, पण आत धाकधूक होती. खूण काढली खरी, पण तेवढ्याने भागलं की नाही हे मी इथे असताना कळणारच नव्हतं. प्रोग्रॅम पुन्हा विसरला तर पासवर्ड टाकायला घरी कुणी नसणार. मी म्हटलं, "अपा, मी आणखी एक दिवस थांबते."

"तुझी आई वाटेकडे डोळे लावून बसलीय," त्या म्हणाल्या. "मी पण आई आहे. मला कळतं वाट बघणं म्हणजे काय ते. जा."

सकाळी त्यांनी उमसुनायच्या कपाळाचा वास घेतला, माझ्या पिशवीत गरम बोरसोक कोंबले आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभ्या राहिल्या. उंबऱ्यात काल सांडलेल्या पिठाचे डाग तसेच होते.

वाटभर लेक मांडीवर झोपली होती आणि माझं मन त्या चौकोनात अडकलं होतं. माझ्या माहेरच्या अंगणात राजम्याच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. आई धावत आली, नात हातातून काढून घेतली. मी चपला काढायच्या आधी फोन लावला.

"पोचलीस?" अपा म्हणाल्या. "पोरगी रडली?"

"नाही. तिकडे ऊन आहे ना अजून?"

"आहे. फोन धरून ठेव. झाडते आता."

आधी केरसुणीचा आवाज आला, दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून खिडकीपर्यंत. त्यांनी कोपराही सोडला नाही. मग खुर्ची सरकली. टिचकी. कॉम्प्युटर बंद झाल्याची धून वाजली, थोड्या वेळाने चालू झाल्याची. मग दोन टिचक्या. माझी आई खुणेने विचारत होती, काय झालं? मी हाताने तिला थांबवलं.

पलीकडे काहीच नाही.

"अपा? विचारतोय का?"

"गप बस गं," त्या म्हणाल्या. "वाचू दे."

आणि सावकाश, एकेक शब्द उचलत, त्या मोठ्याने वाचायला लागल्या: "अपा, आज... मी जहाजावर... बोरसोक तळले. सगळ्यांनी... संपवले. मला... एकही... उरला नाही."

"घ्या," त्या म्हणाल्या. "थोडेच तळले असणार. याला अंदाज कधी आलाय?"