मी, मनी आणि ती टकळी

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. गाण्याबिण्याचा नव्हे, त्या मंडळींचा थाट वेगळा. मी काड्यापेटीएवढा, दोरीने बाईंच्या गळ्यात लटकणारा. बाई जे बोलतात ते उचलायचं आणि मनीच्या कानातल्या यंत्रात थेट नेऊन पोचवायचं, हे माझं काम. मनी म्हणजे तिसऱ्या बाकावरची घाऱ्या डोळ्यांची मुलगी. तिला जन्मापासून फार कमी ऐकू येतं.

कारखान्यात माझ्या तारा जोडणाऱ्या मावशींनी पहिल्यांदा माझ्याजवळ तोंड आणून विचारलं होतं, "काय रे, येतंय का ऐकू?" न यायला काय झालं! मला सगळं ऐकू येतं. तोच माझा गुण आणि तीच माझी कटकट.

शाळेत आलो तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्याकडे तोंड करून प्रश्न विचारला आणि तरीही मनीने बरोबर उत्तर दिलं. दाराशी उभी असलेली तिची आई डोळे पुसत म्हणाली, "आज माझी पोर खरी शाळेत आली." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मनी आता माझी, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पण मनीच्या शेजारी टकळी बसायची. तिचं खरं नाव असेल काहीतरी. तोंड म्हणून कधी मिटत नाही, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. मागच्या बाकावरून कुणी काही बोललं आणि वर्ग खो खो हसला, की ही बया मनीकडे वळायची आणि ओठ हलवत, हातवारे करत सगळं तिला सांगायची. मग मनी पोट धरून हसायची. मी रोज भूगोल पोचवतो, अपूर्णांक पोचवतो, पण माझ्यामुळे ती एकदाही अशी हसली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राबायचं मी आणि लाडकी कोण, तर टकळी! मी तिला पाण्यात पाहू लागलो.

एकदा मधल्या सुट्टीत बाई मला बंद करायला विसरल्या. शिक्षकांची खोली वर्गाला लागूनच होती. तिथे त्या गणिताच्या सरांना म्हणाल्या, "त्या टकळीला मी सोमवारपासून दुसऱ्या तुकडीत पाठवणार आहे. सारखी बडबड चालू असते. मनीचं लक्ष उडतं."

"पाठवा की," सर म्हणाले. "मनीला माईक आहेच."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सर एवढे हुशार आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. पण मी चालू होतो. त्यामुळे ही बातमी नेहमीच्या इमानाने मनीच्या कानात पोचत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दारात मनी उभी राहिली, धापा टाकत.

"बाई, माईक चालू आहे तुमचा."

बाईंनी जीभ चावली. मनी त्यांच्या अगदी जवळ आली. "बाई, तुम्ही बोलता ते मला माईक सांगतो. पण बाकीचे काय बोलतात ते टकळीच सांगते. ती नसली की सगळे का हसतात ते मला कळत नाही. मला वाटतं, मलाच हसतात. तिला नका ना पाठवू. कुणाला पाठवायचंच असेल तर माईकला पाठवा."

ती इतकी जवळ उभी होती की हे वाक्यही मीच उचललं आणि मीच तिच्या कानात नेऊन ठेवलं. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं.

बाई म्हणाल्या, "कुणालाच नाही पाठवत गं."

सोमवारी वर्गात बाईंनी मला गळ्यातून काढलं. "आजपासून जो बोलेल त्याच्या हातात हा असला पाहिजे. आणि एका वेळी एकानेच बोलायचं." तेव्हापासून मी बाकाबाकांवरून फिरतो. कुणी फुंकर मारतं, कुणी टिचकी मारून बघतं, आणि सगळ्यांचे हात चिकट. टकळीच्या हाती लागलो की ती मला सोडतच नाही. आता मनी सगळ्यांबरोबरच हसते, पण हसताना बघते टकळीकडे. माझ्याकडे कोण बघतंय! कोडगा म्हणा हवं तर, पण मला त्या पोरीचा अजूनही हेवा वाटतो.

मागच्या आठवड्यात टकळी तापाने घरी होती. मी बाईंच्या टेबलावर पडून होतो. मागून कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळा वर्ग हसला. मनीने उठून मला उचललं आणि जागेवर जाऊन शेजारच्या बाकावरच्या मुलीसमोर धरलं.

"काय झालं गं?"

ती मुलगी हसू आवरत म्हणाली, "काही नाही गं, सोड."

मनीने मला परत टेबलावर ठेवलं आणि ती खाली मान घालून बसली. त्या दुपारी मी टकळीची वाट पाहिली. हो, मीच.

मित्रांनो, तुमच्या वर्गात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला वेळेवर चार्ज करा, त्याची दोरी ओढू नका, खोलीबाहेर जाताना त्याला बंद करा. पण एवढ्यावर थांबू नका. "काही नाही गं, सोड" हे शब्द मी मनीच्या कानात अगदी स्वच्छ पोचवले. तसलं काम मला पुन्हा सांगू नका.