भिंतीपलीकडचा चहा

मी एक जुने घर आहे, एवढे साधे वाक्यसुद्धा, मित्रांनो, मला धड म्हणता येत नाही. जुने खरे, घरही खरे. अडते ते 'एक' म्हणताना.

वेल्समधल्या एका खाणगावात, डोंगराच्या उतारावर आमची रांग उभी आहे. आम्हा सगळ्यांना एकाच डोंगराचा दगड फोडून, खांद्याला खांदा लावून बांधले. दाराखिडक्यांच्या कडेने पिवळ्या विटा, डोक्यावर पाटीच्या दगडाची काळी कौले. रस्ता चढाचा, म्हणून प्रत्येक घर वरच्या घरापेक्षा पायरीभर खाली. मी नऊ नंबर. माझी उजवी भिंत हीच आठ नंबरची डावी भिंत. आमचे धुराडेही दोघांत मिळून एकच. माझी चूल आणि त्याची चूल पाठीला पाठ लावून बसलेल्या, मध्ये जेमतेम विटेची जाडी. पावसाळी वाऱ्यात ओल त्याला येते आणि पोपडे माझे निघतात. मग सांगा, मी संपते कुठे?

माझ्या भरभराटीच्या दिवसांत इथे एलिनेड राहायची. तिचा नवरा इथेल खाणीतून काळाठिक्कर होऊन यायचा, चुलीपुढे जस्ताच्या टबात बसायचा आणि हळूहळू ओळखू येण्याजोगा व्हायचा. माझी सगळ्यात चांगली खोली समोरची. तिथे गालिचा, पियानो, लेसचे पडदे, आणि तिथे कुणी बसायचेच नाही! पाद्रीबाबा आले, नाताळ आला किंवा कुणी वारले, तरच ती उघडायची. समोरच्या उंबऱ्याचा दगड एलिनेड गुडघ्यांवर बसून घासायची, पण सारी गल्ली यायची मागच्या बोळातून, परसातून, थेट चुलीशी. माझे तोंड कोणते आणि पाठ कोणती, हे मला तेव्हापासून नीट समजलेले नाही.

आणि ती ठकठक! चुलीच्या मागच्या भिंतीवर निखारे सारायच्या सळईने हळूच ठोकले, की त्याचा अर्थ, चहा टाकलाय, या. उलट ठोकले, की आलेच. आणि न थांबता ठोकत राहिले, तर हातातले टाकून धावा. आठ नंबरमध्ये टेग्वेन जन्मली तेव्हा असेच ठोके आले. एलिनेड पिठाच्या हातांनीच धावली. बाळाचे पहिले रडणे माझ्याच भिंतीत घुमले. किती तरी वेळ मला वाटत होते, बाळ माझ्याकडेच झाले.

एलिनेड गेली, तेव्हा तिची शवपेटी माझ्या अरुंद बोळकांडीत वळेना. शेवटी समोरची खिडकी चौकटीतून काढली आणि तिला तिथून बाहेर नेले. जन्मभर जी मागच्या दाराने आली-गेली, ती अशी खिडकीतून गेली. मी नुसते बघत राहिले.

मग भाडेकरू आले. एकाने माझ्या मागच्या दगडांवर सिमेंट थापले. दगडांना श्वास घेता येईना, आत ओल धरली. नंतर बरीच वर्षे मी रिकामेच होते. पारव्यांनी धुराड्यात संसार थाटला. आणि मी अशा पडक्या अवस्थेत असताना सरकारी साहेब लोक आले आणि म्हणाले, ही रांग म्हणजे ऐतिहासिक वारसा! समोरच्या बाजूची एक वीटही हलवायची नाही. आत मात्र काही घडले तरी त्यांना फिकीर नव्हती. लोक येऊन माझे फोटो काढू लागले. चेहऱ्याचे कौतुक आणि छातीची चौकशी नाही, याचा अर्थ काय लावायचा, तुम्हीच सांगा.

पुढे नेरिस आणि गेथिन हे तरुण जोडपे राहायला आले. कडेवर मॅबली, नुकतेच दात आलेली. गेथिनने पहिल्याच आठवड्यात चुलीच्या तोंडावर फळी ठोकली.

आता आठ नंबरमध्ये टेग्वेन एकटीच होती, पांढऱ्या केसांची, गुडघ्यांनी थकलेली. नवे शेजारी आले म्हणून तिने तव्यावर बेदाण्यांचे गोड केक भाजले, किटली चढवली आणि भिंतीवर हळूच ठोकले.

"गेथिन, ऐकलंस? कसला आवाज येतोय?" नेरिसने विचारले.

"जुनं घर आहे गं. हाडं कुरकुरतात त्याची."

मी चपापले. माझी हाडे? असतीलही. मला तरी कुठे खात्री होती!

मॅबलीच्या हातात लाकडी चमचा होता. तिने फळीवर ठकठक केले आणि खुदकन हसली. पलीकडे टेग्वेनला वाटले, आलेच म्हणतायत. तिने कप मांडले. चहा निवला. कुणी आले नाही.

असे रोज होऊ लागले. रोज ती बोलवायची, रोज चमचा हो म्हणायचा, आणि रोज चहा गार व्हायचा. एकदा ती पोस्टवालीपाशी तणतणली, "नऊ नंबरवाले मोठे शिष्ट आहेत बाई! येतो येतो म्हणतात आणि फिरकत नाहीत. नसेल यायचं तर गप्प बसा ना!"

इकडे गेथिनचे वेगळेच चालले होते. "ही चूल आणि तिची भिंत काढली की ओटा सरळ बसेल. शनिवारी पाडतो."

"पाडून पलीकडच्यांना काही होणार नाही ना?"

"आपली चूल आहे नेरिस, आपण काढतोय."

आपली! मला ओरडून सांगायचे होते, अरे, ती अर्धी टेग्वेनची आहे. की अर्धी माझी? मला नीट सांगता आले नसते, आणि तोंड तर मला नाहीच.

शनिवारी सकाळी गेथिनने फळी काढली आणि आतल्या विटांवर हातोडा घातला. धाडकन आवाज झाला. पलीकडून ठक आले. पुन्हा हातोडा, पुन्हा ठक. मॅबलीला चेव आला, तिने चमच्याने टेबल बडवायला सुरुवात केली. माझ्या अंगावर इतके ठोके पडत होते, की कुठला कुणाचा, मला काही उमगेना.

"थांब!" नेरिस एकदम म्हणाली. "हातोडा ठेव खाली. मॅबली, दे तो चमचा."

सगळे गप्प झाले. भिंतीतून मात्र ठकठक येतच राहिली, न थांबता.

"आपण सगळे थांबलोय गेथिन. मग ठोकतंय कोण?"

ती आठ नंबरच्या समोरच्या दाराशी धावली. ते दार तर रंगाने चिकटून बसलेले. मग माझ्यातूनच परत धावत मागच्या दाराने बोळात, आणि टेग्वेनच्या परसात. मागचे दार नुसते लोटलेले होते.

टेग्वेन चुलीपाशी जमिनीवर पडली होती, हातात सळई.

"आलीस एकदाची!" ती कण्हत म्हणाली. "पाय मोडला वाटतं माझा. आणि चहाचं म्हणशील, तर तो मागच्या महिन्यातच गार झालाय."

"मावशी, आम्हाला माहीतच नव्हतं तुम्ही बोलावताय!"

"रोज उलट ठोकता की गं!"

नेरिसने बोळातून गेथिनला हाक मारली, अँब्युलन्स बोलवायला सांगितले आणि टेग्वेनचा हात हातात घेतला. "ठोकते ती माझी मुलगी हो. तिला अजून बोलताही येत नाही."

"वा!" टेग्वेन दुखण्यातही हसली. "म्हणजे घरात शहाणं माणूस एकच आहे तर."

संध्याकाळी गेथिनने मोडक्या विटा पुन्हा चुन्यात बसवल्या. फळी मात्र परत ठोकली नाही, चूल पेटती केली. ओटा वाकडाच राहिला. महिन्याभराने टेग्वेन काठी टेकत घरी आली.

मित्रांनो, जुन्या घरांवर तुमचा जीव असेल तर आमचे नुसते फोटो काढू नका. आम्हाला सिमेंटने गुदमरवू नका. आणि हातोडा उचलण्याआधी भिंतीला जरा कान लावा. पलीकडे कुणीतरी असते.

मी कुठे संपते, ते मला अजूनही माहीत नाही. हल्ली मॅबली वाटेल तेव्हा ठकठक करते. नेरिसला वाटते टेग्वेनने बोलावले, टेग्वेनला वाटते नेरिसने. दोघीही किटली चढवून निघतात आणि मागच्या बोळात समोरासमोर येतात. मग चहा कुणाकडे प्यायचा, यावर बराच वेळ वाद होतो, आणि माझ्या चुलीवर एक किटली, आठ नंबरच्या चुलीवर एक, दोन्ही एकाच धुराड्याखाली उकळत राहतात.