भांडाराच्या पाटीवरचं नाव

अकरा वर्षं विद्यापीठाचं सॉफ्टवेअरचं भांडार मी सांभाळलं. योग्याकार्ताच्या आमच्या आवारातले सगळे लिनक्स संगणक रोज सकाळी तिथूनच नवं काय ते उतरवून घेतात. भांडाराच्या पाटीवर माझं नाव होतं, दार्माजी. ती पाटी माणसं बघत नाहीत, फक्त संगणक वाचतात. तरी मला तिचा भारी अभिमान.

गेल्या महिन्यात भांडार माझ्याकडून काढून निंगरुमच्या हाती दिलं. वय सव्वीस, येऊन दोन वर्षं झालेली. आयत्या बिळावर नागोबा! विभागप्रमुख रेत्नोवातीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "किती झटपट शिकली बघा पोरगी." मी हसलो आणि घरी जाऊन जेवलो नाही. खोटं कशाला बोलू, पोटात दुखत होतं. त्यात ही उठताबसता 'पाक दार्माजी, पाक दार्माजी' करायची. वडीलधाऱ्याचं नाव पाक न लावता घेणं तिच्या घरी पाप असावं. मला सगळं ढोंग वाटे.

सोमवारी परीक्षा-दालन सांभाळणाऱ्या सुगेंगचा फोन आला.

"पाक, एकही संगणक नवं काही घेईना! म्हणतो, भांडाराची पाटी बदललीय, चालेल का ते सांगा."

मी मनात म्हटलं, बघा, माझं नाव पुसून निंगरुम बाईसाहेबांनी आपलं लावलं. पाटी बदलली की संगणक अडून बसतो, माणसानं 'होय' म्हटल्याशिवाय हलत नाही. दोनशे चाळीस संगणक माझ्यासाठी रुसले, या विचारानं मला फार बरं वाटलं. गुरुवारी परीक्षा, आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर अजून एकाही संगणकावर नाही. होऊ दे फजिती!

"निंगरुमला विचार," म्हणून मी फोन ठेवला.

दुपारी ती दाराशी आली. "पाक, एक विचारायचं होतं..."

"कामात आहे."

मंगळवारीही तेच.

बुधवारी मात्र मला राहवेना. फजिती डोळ्यांनी बघायला दालनात गेलो. परीक्षेच्या आठवड्यात दुरून संगणकात शिरायला बंदी असते, म्हणून निंगरुम एकेकापाशी जाऊन बटण दाबत होती. केळीच्या पानातला भात तसाच पडला होता. मी जवळचा पडदा वाचला.

'या भांडाराची पाटी "दार्माजी" होती, आता "पाक दार्माजी" आहे. मान्य?'

"हे काय केलंस?"

ती दचकून उभी राहिली. "भांडार नव्या यंत्रावर हलवताना पाटी परत लिहावी लागली, पाक. तुमचं नुसतं नाव लिहायला हात धजेना. एवढ्यानं संगणक अडतील हे ठाऊक नव्हतं. परत नुसतं लिहू का, हेच विचारायला आले होते."

"मग काढ की ते पाक! दोन मिनिटांचं काम."

"आता नाही जमायचं. एकशे साठांनी नवी पाटी मान्य केलीय. परत बदलली तर तेच अडतील."

सोमवारी खरंच दोन मिनिटांत झालं असतं. मला भयंकर लाज वाटली.

"तू जेव आधी," मी म्हटलं. "उरलेले ऐंशी माझ्याकडे."

"तुम्ही कशाला, पाक?"

मी पुढच्या संगणकापाशी जाऊन बसलो. ऐंशी वेळा ती पाटी वाचली, ऐंशी वेळा 'होय' दाबलं, आणि तिच्याकडे एकदाही बघवलं नाही.