वाळीतला आवाज

"आजपासून कुबात या गावाला मेला!"

मशिदीसमोरच्या चौकात गावचे म्हातारे पुढारी ओस्मोनआबा यांनी भोंग्यातून जाहीर केलं, तेव्हा डोंगरावरच्या मेंढ्यांनीसुद्धा माना वर केल्या. येशूच्या मागे लागलेल्या माणसाला गावात थारा नाही. त्याच्याकडे कुणी जायचं नाही, त्यानं कुणाच्या लग्नाला, मयतीला यायचं नाही. आणि तो खरोखर मरेल तेव्हा त्याला वरच्या कबरस्तानात जागा नाही.

सगळं ऐकून घेतल्यावर कुबात म्हणाला, "मेलो तर मेलो, आबा. पण भोंग्याला लावलेली बॅटरी माझ्या ट्रॅक्टरची आहे. संध्याकाळपर्यंत परत पाठवा."

बॅटरी आली नाही. मेलेल्याच्या घरी जाणार कोण?

कुबातच्या बहिणीचं, बुरमाचं घर भिंतीला भिंत लागून. ती भिंतीवरून बोलायची. भिंतीवरून बोलणं म्हणजे जाणं नव्हे, असा तिनं अर्थ काढला होता.

"वाळीत टाकलंय तुला, दादा. आणि सकाळी उठून आभार कसले मानतोस?"

"दर आठवड्याला कुणाच्या तरी जेवणावळीत चरबी गिळत होतो. पोट सुधारलं. उसनी नेलेली हातगाडी लोकांनी मेलेल्याची वस्तू नको म्हणून रातोरात दाराशी आणून ठेवली. दोन वर्षं मागत होतो मी. देव संकट देतो, पण नुसतं संकट देत नाही."

"आणि वरची जागा?"

कुबातनं मान वर केली. वर डोंगरावरच्या कबरस्तानात त्याची बायको साइरा होती. तिच्या शेजारची जागा त्यानं स्वतः दगड रचून राखली होती.

"त्यातलं चांगलं अजून सापडलं नाही," तो म्हणाला. "शोधतोय."

येशूनं वैऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगितलंय म्हणून तो रोज पहाटे अंगणात ओस्मोनआबांसाठी प्रार्थना करी. देवानं त्याला आवाज एकच दिला होता, तोही मोठा. त्यामुळे आबांचे गुडघे, आबांचा खोकला आणि आबांची मूळव्याध यांची खबर रोज सकाळी गल्लीभर पोचायची. लोक आबांना वाटेत अदबीनं विचारायचे, "आज बसता येतंय ना?"

तो आवाजच कुबातची खरी मिळकत होती. त्या डोंगराळ मुलखात मयतीला जाणारा पुरुष गल्लीच्या तोंडापासूनच हंबरडा फोडत मयत ठेवलेल्या तंबूपर्यंत जातो. कसा रडला, यावर गेलेल्याची किंमत ठरते. कुबात रडायचा तेव्हा कोंबडीचोरसुद्धा सरदार वाटायचा.

पानगळीत आबांचे जुने मित्र तुर्गुनबाय वारले. कुबात नव्हता. गावची पोरं रडायला आली ती घशात हाड अडकल्यासारखी रडली. एकाचा फोन मध्येच वाजला, त्यानं तो घेतलाही. आबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते मागच्या बाजूनं कुबातच्या अंगणात शिरले आणि जर्दाळूखाली जपून, एका अंगावर बसले.

कुबातनं चहा ओतला.

"तुमच्यात मयतीला रडणं चालतं का रे?"

"चालतं, आबा. येशू स्वतः मित्राच्या कबरीपाशी रडला होता."

"मोठ्यानं?"

"तेवढं लिहिलेलं नाही."

आबांनी दाढी कुरवाळली. "मी गेल्यावर... रडशील?"

"रडेन."

"तुला जागा नाही म्हणालो होतो मी."

"नाही दिलीत तरी रडेन. आपल्या माणसासाठी रडायला ठराव कशाला?"

आबांनी कपात बघितलं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाले, "जरा नमुना दाखव. मला काय ऐकायला मिळणार आहे तेव्हा?"

कुबातनं कमरेवर हात ठेवले, वाकला आणि सुरू केलं, "अरे माझ्या पहाडा... माझ्या आधारा... कुठं गेलास रे..." पहिली ओळ आबांसाठी होती. दुसरीला त्याची नजर डोंगराकडे गेली. पुढची कुणासाठी होती, ते आबांनी विचारलं नाही. त्यांनी डोक्यावरची पांढरी लोकरी नमद्याची टोपी काढून मांडीवर ठेवली.

तोवर गाव उलटलं. आबा आपल्या पोराच्या घरी दिसत नाहीत आणि कुबात रडतोय म्हटल्यावर आबा गेले, याशिवाय दुसरा अर्थ निघत नव्हता. निम्मे पुरुष रीतीप्रमाणे गल्लीपासून हंबरडा फोडत धावत आले. दारात पोचले, तर मयत चहा पीत बसलेली.

"गेलं कोण?" एकानं रडणं अर्ध्यावर धरून विचारलं.

"कुणी नाही," आबा म्हणाले. "आणि वर साइराशेजारचे दगड कुणी हलवायचे नाहीत. ती जागा याची आहे."

"पण आबा, ठराव?"

"तो मीच केला होता ना? मग मला विचारून मोडतोय."

भिंतीवरून बुरमाचं डोकं वर आलं होतं. तिनं डोक्याच्या रुमालाचं टोक पदरासारखं डोळ्यांना लावलं. कुबातनं बाहीनं नाक पुसलं, एकवार डोंगराकडे बघितलं आणि खाकरला.

"आबा," तो म्हणाला, "ती बॅटरी तेवढी पाठवाल का?"