झेंडूची वाट

शरद ऋतू उतरला होता नदीवर. मधासारखे पातळ, पिवळे ऊन पाण्यावर पसरले होते, आणि त्या उन्हात काठचे सारे मैदान रंगांनी उसळत होते. परमुलखातल्या त्या शहरात वर्षातून एकदा हा उत्सव भरे. मेक्सिकोची, पेरूची, कोलंबियाची माणसे आपापले देश अंगावर नेसून येत. घेरदार, अग्निवर्ण झगे भिंगरीसारखे फिरत होते. ढोल घुमत होते. निखाऱ्यांवर मक्याची कणसे तडतडत होती.

कणसांचा वास आला आणि मालतीबाई हसल्या. कित्येक महिन्यांनी हसल्या.

"लिंबू नीट चोळायला सांग हो," त्या लेकीला म्हणाल्या. "इथल्या लोकांचा हात आखडता."

"सांगते. पण तू या बाकावरून हलू नकोस, आई."

"मी काय पळून जातेय?"

ऋजुता कणसे घेऊन वळली. बाक रिकामा होता.

दोन वर्षे आईच्या स्मृतीचे एकेक पान गळत होते. आधी तारखा गळल्या, मग शेजारी, मग सावंतवाडीच्या घराचा रंग. आता आईच गळून पडली होती, या रंगांच्या पुरात, कुठेतरी.

ऋजुता प्रयोगशाळेत पाणी तपासणारी बाई. भीतीतही तिचे मन मोजत राहिले. आई सेकंदाला अर्धा मीटर चालते. तीन मिनिटे झाली, म्हणजे नव्वद मीटर त्रिज्येचे वर्तुळ. सहा मिनिटे झाली. वेळ दुप्पट, वर्तुळ चौपट. आणि त्या वाढत्या, विस्तारत्या, निर्दय वर्तुळात कुठेतरी नदी होती.

"आई!" ती ओरडली. ढोलांनी ती हाक गिळली.

लाल झगा, आई नव्हे. पांढरा अंबाडा, आई नव्हे. निळे पातळ? झेंडा होता तो, निळा, वाऱ्यावर हलणारा.

मग चपला दिसल्या.

काठाच्या उतारावर, गवतात, जोडीने ठेवलेल्या. डाव्या अंगठ्याचा दोरा तिनेच परवा शिवला होता. टोके पाण्याकडे. पाणी शांत होते, सोनेरी होते, आणि त्याच्यावर काहीच तरंगत नव्हते. हातातली कणसे गवतात पडली.

ती चपलांपाशी बसली, आणि तेव्हा तिला पाकळ्या दिसल्या. झेंडूच्या. चपलांच्या टोकांपासून सुरू होऊन खाली, एका छोट्या मांडवापर्यंत गेलेली केशरी वाट. गेलेल्या माणसांना घर सापडावे म्हणून या लोकांनी अंथरलेली. फुलांवर चपला घालून आई कधी चालली नसती.

मांडवात पायऱ्यापायऱ्यांची आरास होती. मेणबत्त्या, पाव, आणि मृतांच्या तसबिरी. मिशाळ आजोबा. एक नववधू. एक शिपाई. आणि त्यांच्या मधोमध, गळ्यात झेंडूची ताजी माळ, दोन वेण्यांची, डाव्या भुवईवर खोक असलेली सहा वर्षांची मुलगी.

ऋजुता स्वतःच्याच लहानपणच्या फोटोकडे पाहत होती.

समोर आई बसली होती, अनवाणी. भरतकामाच्या पोलक्यातल्या एका म्हातारीने तिचे हात धरले होते, आणि दोघी रडत होत्या. बटव्यातला फोटो दाखवत आई सगळ्यांना विचारत आली असणार. भाषा कुणाला कळली नव्हती. आसवे कळली होती. फोटो घेऊन रडणाऱ्या आईचे लेकरू कुठे गेले असेल, हे म्हातारीने आपल्या परीने ओळखले, आणि प्रेमाने त्याला त्या तसबिरींत जागा दिली.

"आई."

मालतीबाईंनी वर पाहिले. परक्याकडे पाहावे तसे, अदबीने.

"बाई, तुम्ही पाहिलीत का हो माझी ठकू? गर्दीला फार घाबरते ती."

"घाबरलीय," ऋजुता म्हणाली. "खूप घाबरलीय."

म्हातारीची नजर तिच्या भुवईवर थांबली. तसबिरीकडे गेली. परत आली.

"ममा?" तिने हळूच विचारले.

ऋजुताने होकारार्थी मान हलवली. म्हातारीने छातीवर क्रूस काढला, माळ उतरवली, फोटोवरची काजळी पोलक्याच्या बाहीने पुसली, आणि ती मुलगी जिवंतांच्या हाती दिली.

"चला, मी घरी सोडते तुम्हाला," ऋजुता म्हणाली.

"आणि ठकू?"

"तिला वाट माहीत आहे."

"नक्की?"

"नक्की."

दोघी पाकळ्या चुकवत उतार चढू लागल्या. वर ऋजुताने वाकून आईच्या पायांत चपला सरकवल्या. ऊन कलत होते, ढोल दूर दूर जात होते. अचानक मालतीबाई थांबल्या, मागे वळल्या, आणि त्या केशरी, निर्मनुष्य वाटेकडे पाहत त्यांनी हाक मारली, सांजेला अंगणातून मारावी तशी:

"ठकू, चल गं!"

"आले, आई," शेजारून ऋजुता म्हणाली.

मालतीबाईंनी शेजारी पाहिले नाही. पण त्यांचा चेहरा निवला. वाटेकडे पाहतच त्यांनी हात बाजूला धरला, पसरलेला, लहान मुलीच्या उंचीवर. ऋजुता वाकली, आणि वाकूनच, आईचे बोट धरून, चालू लागली.