पूर्वेचा उतार

भूवैज्ञानिक बाईंनी खाणीच्या नकाशावरची रेघ खोडली आणि पुन्हा तिथेच काढली. रेघेच्या आतला दगड कारखान्यात जाणार, बाहेरचा पडून राहणार. पूर्वेचा जुना ढिगारा याही खेपेला बाहेरच राहिला, अगदी थोडक्यात.

त्यातलं तांबं इतकं कमी की वीस वर्षांपूर्वी दळण्याचा खर्चही निघाला नसता, म्हणून तो दगड तसाच रचून ठेवलेला. आता भाव चढला होता, पण किती दिवस टिकेल हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं. व्यवस्थापक म्हणायचे, भाव म्हणजे आगंतुक पाहुणा. येताना कळवत नाही, जाताना तर मुळीच नाही. सोमवारपर्यंत बाईंना काय ते ठरवून द्यायचं होतं. सरासरी भाव धरला तर ढिगारा दळण्याजोगा ठरत होता. बाईंनी तीनदा हिशेब केला होता आणि तिन्ही वेळा सर्वांत कमी भाव धरला होता.

खरं कारण वेगळंच होतं. शेजारच्या नमुना-खोलीत भुकटीच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावणाऱ्या मावशींचा नवरा डंपर चालवायचा. अकरा वर्षांपूर्वी याच ढिगाऱ्याचा उतार घसरला आणि तो डंपरसकट त्याखाली गाडला गेला. आठ दिवस शोधलं. उतार आणखी खचेल म्हणून मग शोध थांबवला, भोवती कुंपण घातलं. मावशींना त्याच्या जागी नोकरी मिळाली. तो जिथे गाडला गेला तिथे यंत्र चालवायचं बाईंच्या जिवावर येत होतं.

दुपारी मावशी पिशव्यांची यादी घेऊन आल्या. यादी ठेवली तरी उभ्याच राहिल्या.

"मॅडम, पूर्वेचा ढिगारा रेघेत बसतो का हो यंदा?"

बाईंनी नकाशावर हात ठेवला.

"नाही मावशी. तुम्ही काळजी करू नका. तिथे कुणी हात लावणार नाही."

मावशींनी तळहातावर तळहात घासून भुकटी झटकली. हात स्वच्छच होते.

"भाव चढला की मी आस लावून बसते. मागच्या वेळी ठरेठरेपर्यंत उतरला. माणूस शोधायला कुणी ढिगारा उपसत नाही, मॅडम. तांब्यासाठी उपसतात."

मग जाता जाता त्यांनी सांगितलं की सासूबाई गेल्या वर्षी वारल्या; शेवटपर्यंत त्या दाराला आतून कडी लावू देत नव्हत्या.

त्या गेल्यावर बाईंनी सरासरी भाव धरून सगळा हिशेब नव्याने मांडला. ढिगारा आत आला, केसभराने. भाव पडला तर तोट्याखाली सही आपली, हे त्यांना कळत होतं. त्यांनी सही केली. खाली लिहिलं: थर वरून हळूहळू उतरवावेत, काम फक्त दिवसा, प्रत्येक यंत्रापाशी लक्ष ठेवायला एक माणूस.

सोमवारी व्यवस्थापकांनी विचारलं, इतके दिवस ताकही फुंकून पीत होतात, आता एकदम हे धाडस कसं?

"माझं चुकत होतं," बाई म्हणाल्या.

काम सुरू झालं. सातव्या आठवड्यात भाव घसरला. व्यवस्थापकांचा फोन आला तेव्हा यंत्रं उतार जिथे घसरला होता त्या थराशी पोचली होती. थांबवायचं का, त्यांनी विचारलं. नमुने हाती आल्याशिवाय सांगता येणार नाही, असं सांगून बाईंनी फोन ठेवला आणि त्या नमुना-खोलीत गेल्या.

"मावशी, पूर्वेचे नमुने आज आपण दोघी जाऊन घेऊ."

मावशींनी हेल्मेट आधीच घातलं होतं.