एकाच रकान्यातली भावंडं

मुख्य केमिस्टची खुर्ची, तिच्याबरोबरची स्वतंत्र खोली आणि मालकांशी थेट बोलण्याचा मान. मुलामा चढवणाऱ्या त्या कारखान्यात जावयाच्या पदरात एवढं पडायचं होतं. खुर्चीवर सध्या सासरे बसत. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते आणि मालक त्या दिवशी नवं नाव जाहीर करणार होते.

आवर्तसारणी जावयाला तोंडपाठ, म्हणून कामगार त्याला पाठीमागे 'तक्तेसाहेब' म्हणत. निरोपाच्या दिवशी मालकांवर छाप पाडायची, तर कॅन्टीनचा कळकट पाण्याचा जग चकचकीत हवा. जस्ताचा मुलामा फिका दिसे. समुद्राकाठच्या बोल्टांसाठी ठेवलेल्या कॅडमियमच्या टाकीतून मात्र माल चांदीसारखा निघे.

"साहेब, पिण्याचा जग आहे हो, बोल्ट नाही," कॅन्टीन सांभाळणारी मावशी म्हणाली.

"मावशी, तक्त्यात जस्ताच्या बरोबर खाली कॅडमियम. एकाच रकान्यातली भावंडं, स्वभाव तोच. आणि जस्त तर शरीराला लागतंच."

"माझे दोन दीरही सख्खे भाऊच. एकानं मला जेवू घातलं, दुसऱ्यानं घराबाहेर काढलं. तुमच्या तक्त्यात तसं नसेल म्हणा."

तो हसला. जग आरशासारखा झाला. निरोपाच्या दिवशी सकाळीच त्यानं मावशीला त्यात लिंबाचं सरबत करून ठेवायला लावलं.

मालकांनी जग हातात घेऊन पाहिला, पण साखर वर्ज्य म्हणून पाणीच प्यायले. सासऱ्यांचा घसा बसलेला, त्यांनी चहा घेतला. जावई बोलण्यात गुंतला होता. जाहीर झालेलं नाव त्याचंच होतं. सरबत अकरा कामगारांनी प्यायलं, आणि उरलेलं टाकवेना म्हणून मावशीनं.

अर्ध्या तासात सगळे पोट धरून मोरीपाशी.

सासऱ्यांनी जग उजेडात तिरका धरला. आतली चकाकी आंबटानं खाल्ली होती. त्यांनी जावयाला खोलीत घेऊन दार लावलं.

"जावईबापू, जस्ताखाली कॅडमियम. त्याच्या खाली कोण?"

"...पारा."

"मग खाली उतरताना विष वाढतं, हे कुठे विसरलात? नुसतं वरचं भावंड बघितलंत, खालचं नाही?"

"मामा, मालकांना सांगणार?"

सासऱ्यांनी जग टेबलावर उपडा ठेवला. मग म्हणाले, "माझी मुलगी तुमच्या घरात आहे."

बाहेर येऊन त्यांनी मालकांना सांगितलं, "लिंबं नासकी होती."

जावयाला खुर्ची, खोली आणि मान, तिन्ही मिळालं. सासऱ्यांच्या चाळीस वर्षांच्या सचोटीतून तीन शब्द वजा झाले. बाकी सगळं मावशीच्या नावावर: चार दिवस इस्पितळ, गेलेली नोकरी, तिच्याबरोबर गेलेली कॅन्टीनमागची राहती खोली आणि तिला बघून रस्ता बदलणारे अकरा जण.